नवघरच्या राउटरला लेव्हल कोणती द्यावी?

भाईंदर पूर्वेला नवघर रस्त्यावरच्या घरातून मीरा रोडच्या लँडलाइनला फोन लावायचा, तर आठ आकडे पुरतात. तोच फोन खाडीपलीकडे वसईला लावायचा, तर आधी ०२५० फिरवावे लागते. नवघर ०२२ मध्ये, वसई ०२५० मध्ये. मुंबईच्या एक्स्चेंजला वसईतला प्रत्येक नंबर ठाऊक असण्याची गरज नसते. कोड पाहून त्याने कॉल ट्रंकवर सोडला, की पुढचे काम पलीकडचे एक्स्चेंज करते. ‘आयएस-आयएस’ या राउटिंग प्रोटोकॉलने राउटरांसाठी अशीच विभागणी केली आहे. आपल्या भागातली वाट न् वाट जिच्यात नोंदलेली असते, ती लेव्हल १. असे भाग एकमेकांना जोडणारा कणा म्हणजे लेव्हल २.

केबलच्या धंद्यातून इंटरनेट सेवेत आलेल्या छोट्या कंपन्या आज मुंबईच्या प्रत्येक उपनगरात आहेत. सुरुवातीला दोन-तीन राउटर आणि हाताने लिहिलेले स्टॅटिक राउट यांवर भागते. मग गोडदेव, खारी, इंद्रलोक, भाईंदर पश्चिम, काशीमीरा असे पॉप वाढत जातात, फायबरची रिंग तयार होते आणि कुणीतरी आयएस-आयएस सुरू करतो. नेबर वर येतात, राउट दिसू लागतात, काम झाले असे वाटते. लेव्हलचा विचार मात्र झालेला नसतो, कारण तो न करताही सगळे चालते. सिस्कोच्या राउटरवर पहिली आयएस-आयएस प्रक्रिया आपोआप लेव्हल १ आणि लेव्हल २ अशी दुहेरी सुरू होते. ज्युनिपरवरही दोन्ही लेव्हल मुळातच चालू असतात. लेव्हल हा निर्णय पहिल्या दिवशी, समजून घ्यायचा आहे. तो राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या डीफॉल्टवर सोडला, तर पुढच्या अडचणी रात्री दोन वाजता उलगडत बसावे लागते.

हा प्रोटोकॉल इंटरनेटसाठी जन्मलाच नव्हता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये डेकनेटच्या पाचव्या टप्प्यासाठी तो १९८०च्या दशकात घडला. त्या कामात रेडिया पर्लमन यांचा मोठा वाटा होता. १९८८ साली अमेरिकेच्या एनएसएफनेटच्या कण्यावर याच घराण्यातला प्रोटोकॉल वापरला गेला. डिसेंबर १९९० मध्ये रॉस कॅलन यांनी आरएफसी ११९५ लिहून त्याला आयपीचे राउट वाहून न्यायला शिकवले आणि १९९२ मध्ये तो आयएसओ १०५८९ हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. या वंशावळीची एक खूण आजही दिसते: आयएस-आयएसचे निरोप आयपीच्या पोटात बसून जात नाहीत, ते थेट इथरनेटच्या फ्रेममधून जातात. म्हणूनच त्याच्या राउटरला आयपीपेक्षा वेगळा असा एक ‘नेट’ पत्ता द्यावा लागतो.

हा पत्ता पाहून नवखे बिचकतात, पण त्याची मांडणी सरळ आहे. समजा, नवघरच्या राउटरचा लूपबॅक १०.२५५.१.३ आहे. प्रत्येक आकडा तीन अंकी केला, की ०१०, २५५, ००१, ००३ मिळतात. ते सलग लिहून चार-चारचे गट पाडले, की ०१०२.५५००.१००३ हा सिस्टिम आयडी तयार होतो. त्याच्या आधी ४९ हा खासगी वापराचा आकडा आणि एरियाचा क्रमांक, शेवटी दोन शून्ये: ४९.०००१.०१०२.५५००.१००३.००. ही पद्धत पाळली, तर सिस्टिम आयडी दोन ठिकाणी सारखा पडण्याचा धोका राहत नाही. जुन्या राउटरचे कॉन्फिग नव्यावर जसेच्या तसे चिकटवताना तोच धोका सर्वात मोठा असतो.

या पत्त्यातला एरिया संपूर्ण राउटरला लागू होतो. ओएसपीएफमधून आलेल्यांची इथे पहिली गफलत होते. ओएसपीएफमध्ये एरिया इंटरफेसला दिला जातो आणि हद्द राउटरच्या पोटातून जाते. आयएस-आयएसमध्ये राउटर अख्खा एका एरियात असतो आणि हद्द दोन राउटरांमधल्या तारेवर पडते. लेव्हल १ चा नेबर जुळायला दोन्ही बाजूंचा एरिया एकच असावा लागतो. लेव्हल २ ला एरियाशी देणेघेणे नाही, ४९.०००१ आणि ४९.०००२ तिथे बिनदिक्कत जुळतात.

लेव्हल ठरवण्याच्या जागा दोन आहेत: एक राउटरवर, दुसरी प्रत्येक इंटरफेसवर. राउटरवरची सेटिंग ही कमाल मर्यादा. इंटरफेसवर त्यातून कमी करता येते, वाढवता येत नाही. सिस्कोवर राउटरसाठी ‘आयएस-टाइप’ आणि इंटरफेससाठी ‘आयएसआयएस सर्किट-टाइप’ अशी कमांड आहे. दोन्हींत लेव्हल-१, लेव्हल-१-२ किंवा लेव्हल-२-ओन्ली हे तीन पर्याय मिळतात. लिनक्सवर चालणाऱ्या एफआरआरमध्येही जवळपास हेच शब्द आहेत. हुआवेवर त्यांची नावे ‘आयएस-लेव्हल’ आणि ‘आयएसआयएस सर्किट-लेव्हल’ अशी, तर नोकियावर दोन्ही ठिकाणी ‘लेव्हल-केपेबिलिटी’. ज्युनिपरची रीत उलटी: तिथे नको ती लेव्हल बंद करायची. संपूर्ण राउटरसाठी ‘प्रोटोकॉल्स आयएसआयएस लेव्हल १ डिसेबल’, एका इंटरफेससाठी त्या इंटरफेसच्या नावाखाली तेच. शिवाय ज्युनिपरवर प्रत्येक इंटरफेसला ‘फॅमिली आयएसओ’ द्यावी लागते. ती विसरली, तर बाकी सगळे अचूक असूनही नेबर वर येत नाही.

छोट्या कंपन्यांत मिक्रोटिक फार वापरला जातो. त्याच्या राउटरओएसच्या सहाव्या आवृत्तीत आयएस-आयएस नव्हताच. सातवी आवृत्ती पुढे सरकल्यावर तो आला. तेव्हा आराखडा कागदावर काढण्याआधी प्रत्येक पॉपवरच्या यंत्राला हा प्रोटोकॉल खरोखर येतो का, ते तपासावे.

आता मुख्य प्रश्न. वीस-पंचवीस किंवा शंभर-दीडशे राउटर असलेल्या, भाईंदर-मीरा रोड परिसरातल्या कंपनीने सगळे राउटर लेव्हल २ वरच ठेवावेत. एरिया एकच, ४९.०००१, आणि लेव्हल १ सर्वत्र बंद. आजच्या राउटरांना शेकडो नोड असलेला एकच नकाशा सांभाळणे जड जात नाही. एरिया पाडण्याची सक्ती होती ती १९९०च्या दशकातल्या तोकड्या मेमरीमुळे. मग सगळे लेव्हल १ वर ठेवले तर? छोट्या नेटवर्कमध्ये तेही चालेल. पण उद्या खाडीपलीकडे विस्तार झाला आणि दुसरा एरिया हवासा वाटला, तर कणाच नसल्याचे लक्षात येते आणि प्रत्येक राउटरला हात लावावा लागतो. लेव्हल २ चा कणा आधीपासून असला, की नवे एरिया त्याला बाहेरून जोडता येतात. मधल्या राउटरांना धक्का लागत नाही.

दोन्ही लेव्हल चालू ठेवल्याने बिघडते काय? एकाच एरियातल्या दुहेरी राउटरवर नकाशे दोन, त्यांची गणितेही दोन आणि इथरनेटवर हॅलोही दोन प्रकारचे. हे ओझे यंत्र पेलते. खरा त्रास एका नियमातून येतो: एकाच ठिकाणाचा राउट दोन्ही लेव्हलवर मिळाला, तर लेव्हल १ चा राउट जिंकतो, मग मेट्रिक काहीही असो.

याचे एक उदाहरण पाहू. नवघर ते काशीमीरा हा रस्ता गोडदेवमार्गे एक गिगाच्या जुन्या जोडणीवर आहे आणि तिथे डीफॉल्टप्रमाणे दोन्ही लेव्हल चालू आहेत. कंपनी नवघरहून काशीमीऱ्याला दहा गिगाचे थेट फायबर टाकते. नवा अभियंता शिस्तीचा. तो नव्या इंटरफेसवर फक्त लेव्हल २ ठेवतो आणि मेट्रिकही कमी देतो. नेबर वर आहे, दिवा हिरवा आहे, पण दहा गिगाच्या तारेवरून वाहतूक जातच नाही. सगळी गर्दी अजून गोडदेववरून चालली आहे, कारण काशीमीऱ्याचा राउट तिकडून लेव्हल १ वर मिळतो. मेट्रिक कितीही घटवले तरी फरक पडणार नाही. इंटरफेसची लेव्हल बदलताना एकट्या त्या तारेचा विचार पुरत नाही, संपूर्ण वाटेचा करावा लागतो, तो यासाठी.

मग लेव्हल १ कधी घ्यावी? जिथे राउटर शेकड्यांनी, हजारांनी वाढणार आहेत, टोकाची यंत्रे लहान आहेत आणि एका भागातला बिघाड दुसऱ्या भागापर्यंत कळण्याची गरज नाही, तिथे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट योजनेत तालुका आणि ग्रामपंचायती फायबरच्या रिंगने जोडायच्या आहेत. अशा जाळ्यात एका गावातले फायबर जेसीबीखाली तुटले, म्हणून चार जिल्ह्यांपलीकडच्या राउटरने नकाशाचे गणित पुन्हा मांडण्यात अर्थ नसतो. तालुक्याच्या जोडीला लेव्हल १ आणि २ अशी दुहेरी भूमिका, गावांना नुसती लेव्हल १, ही वाटणी अशा आकाराला शोभते.

नवघरच्या कंपनीपुढे हा प्रश्न वसई-विरारकडे जाताना उभा राहील. समजा, खाडीपलीकडे ४९.०००२ हा नवा एरिया केला. तिकडे जाण्याच्या वाटा दोन: एक रेल्वेच्या बाजूने भाईंदर ते नायगाव, दुसरी महामार्गाने घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून. दोन्हीकडे पलीकडच्या काठावर एकेक लेव्हल १-२ राउटर बसवला. त्यांचे इंटरफेस असे असावेत: खाडीच्या अलीकडे येणाऱ्या तारेवर फक्त लेव्हल २, वसईच्या आतल्या तारांवर फक्त लेव्हल १ आणि या दोन राउटरांना आपसात जोडणाऱ्या तारेवर दोन्ही. ही तिसरी जोडणी बऱ्याचदा राहून जाते. ती नसली आणि एका पुलावरचे फायबर तुटले, तर त्या बाजूचा राउटर कण्यापासून वेगळा पडतो.

वसईच्या आतल्या, नुसत्या लेव्हल १ च्या राउटरला बाहेरचे तपशील कळत नाहीत. दुहेरी राउटर आपल्या निरोपात ‘अटॅच्ड’ बिट लावतो, म्हणजे ‘माझ्याकडून बाहेर जाता येते’ असे सांगतो. आतला राउटर त्याला जवळ पडणाऱ्या अशा राउटरकडे डीफॉल्ट राउट टाकतो. जवळचा म्हणजे त्याच्यापुरता जवळचा. काशीमीऱ्याला जायचे पॅकेटही नायगावच्या दारातून निघेल, भाईंदरला पोहोचेल आणि तिथून मागे वळून काशीमीऱ्याला जाईल, जरी महामार्गाची वाट सरळ असली तरी. एरिया पाडल्याची ही किंमत आहे.

एमपीएलएसवर लीज्ड लाइन किंवा व्हीपीएन विकणाऱ्या कंपनीला याहून मोठी किंमत मोजावी लागते. एलडीपीला समोरच्या राउटरच्या लूपबॅकचा नेमका ‘स्लॅश ३२’ राउट लागतो. सर्वसाधारणपणे नुसत्या डीफॉल्ट राउटवर लेबलची वाट बांधली जात नाही. लेव्हल १ मधल्या राउटरकडे तो नेमका राउट नसतोच. इंटरनेट चालू राहते, पिंग जाते, पण नवघर ते विरार अशी ग्राहकाची लेयर टू जोडणी मृत पडते. यावर उपाय म्हणजे लेव्हल २ मधून लेव्हल १ मध्ये निवडक राउट उतरवणे, ज्याला अभियंते लीकिंग म्हणतात. आरएफसी ५३०२ ने त्यासाठी ‘अप-डाउन’ बिट ठरवला आहे, जेणेकरून खाली उतरवलेला राउट पुन्हा वर चढून चक्र तयार होऊ नये. लीक करताना फिल्टरमध्ये फक्त लूपबॅकची रेंज लिहावी, बाकी काही नाही. त्यासाठी लूपबॅकचे सगळे पत्ते पहिल्यापासून एकाच सलग पट्ट्यात घेतलेले असले, तर फिल्टर एका ओळीत उरकतो.

फिल्टरचे महत्त्व कळायला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीची घटना पुरेशी आहे. ८ जुलै २०२२ च्या पहाटे तिच्या डिस्ट्रिब्यूशन राउटरांवरचा एक फिल्टर कॉन्फिग बदलताना काढला गेला. राउटिंगच्या माहितीची लाट कोअरवर आली, कोअरचे राउटर कोलमडले आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. कंपनीच्या अभियंत्यांचा राउटरपर्यंत पोहोचण्याचा रस्ताही त्याच नेटवर्कवरून जात होता, त्यामुळे दुरुस्ती लांबली. नवघरच्या आकाराच्या कंपनीला यातून दोन कामे लगेच करता येतात. एक, बाहेरचे बीजीपी राउट आयएस-आयएसमध्ये कधीही ओतू नयेत. आयएस-आयएसने लूपबॅक आणि राउटरांमधल्या जोडण्या एवढेच वाहावे, ग्राहकांचे पत्ते बीजीपीत ठेवावेत. दुसरे, प्रत्येक मुख्य पॉपवर कन्सोलला जोडलेला एक छोटा मोडेम ठेवावा, ज्यात दुसऱ्याच कंपनीचे फोरजी सिम असेल.

इंटरफेसवर लेव्हलसोबत आणखी काही गोष्टी ठरतात. सिस्को आणि ज्युनिपर दोघेही प्रत्येक तारेला १० हे मेट्रिक देतात, मग ती एक गिगाची असो वा शंभर गिगाची. ते हाताने द्यावे आणि ज्या लेव्हलवर नेबर जुळला आहे, त्याच लेव्हलसाठी द्यावे. जुन्या पद्धतीत एका तारेचे मेट्रिक ६३ च्या वर जात नाही. म्हणून सगळीकडे ‘वाइड’ शैली ठेवावी, तिला २४ बिट मिळतात. एका राउटरवर जुनी आणि दुसऱ्यावर वाइड असली, तर नेबर वर दिसतो पण राउट येत नाहीत. हा दोष ओळखायला भल्याभल्यांना वेळ लागतो.

पासवर्डचेही तसेच. सिस्कोवर ऑथेंटिकेशन लेव्हलनुसार देता येते. लेव्हल २ चे नेटवर्क चालवायचे आणि किल्ली मात्र लेव्हल १ ला लावायची, असे कॉन्फिग वरवर सुरक्षित दिसते, प्रत्यक्षात उघडे असते.

दोनच राउटर जोडणाऱ्या इथरनेट तारेला पॉइंट-टू-पॉइंट घोषित करावे. नाही तर राउटर तिला अनेकांची सामायिक तार समजतात आणि प्रत्येक लेव्हलसाठी एकेक डीआयएस, म्हणजे त्या तारेचा प्रमुख राउटर, निवडत बसतात. नेबर अजिबात येत नसेल, तर एमटीयू पाहावा. आयएस-आयएसचे हॅलो सहसा एमटीयूच्या मापापर्यंत फुगवून पाठवले जातात. मधला मीडिया कन्व्हर्टर किंवा भाड्याची जोडणी तेवढी फ्रेम नेत नसेल, तर हॅलो पोहोचतच नाही. आयपीचे छोटे पिंग मात्र जाते, म्हणून तार बरी आहे असा गैरसमज होतो. लूपबॅक पॅसिव्ह ठेवावा. तसेच राउटर रीस्टार्ट झाल्यावर पहिली काही मिनिटे ‘माझ्यावरून वाहतूक नेऊ नका’ असे सांगणारा ओव्हरलोड बिट लावून ठेवावा. बीजीपीचे राउट भरण्याआधी त्याच्यावरून वाहतूक जाऊ लागली, तर ती तिथेच गडप होते.

ज्यांच्याकडे दुहेरी लेव्हल आधीपासून चालू आहे, त्यांनी घाबरून एका रात्रीत सगळे बदलू नये. आधी प्रत्येक तारेवर लेव्हल २ चा नेबर आहे ना, आणि प्रत्येक लूपबॅक लेव्हल २ च्या डेटाबेसमध्ये दिसतो ना, हे पडताळावे. त्यानंतर लांबच्या टोकापासून सुरुवात करून एकेका राउटरवर लेव्हल १ बंद करावी; कोअर शेवटी. मधल्या काळात काही वाहतूक उरलेल्या लेव्हल १ च्या वाटेने वळसा घेऊ शकते, म्हणून रिंगमधल्या जोडण्यांवर जागा आहे अशीच वेळ निवडावी. ज्युनिपर असेल, तर ‘कमिट कन्फर्म्ड’ वापरावे: ठरलेल्या मिनिटांत दुजोरा दिला नाही, तर जुने कॉन्फिग आपोआप परत येते. ओएसपीएफवरून आयएस-आयएसवर येणाऱ्यांना तर एक सोय आयतीच मिळते. सिस्कोवर ओएसपीएफचे प्राधान्य ११० आणि आयएस-आयएसचे ११५. आकडा लहान, त्याचा राउट आधी. त्यामुळे आयएस-आयएस शेजारी शांतपणे चालू ठेवता येतो, त्याचा डेटाबेस आठवडाभर तपासता येतो आणि खात्री पटल्यावरच पारडे फिरवता येते.

पडताळणीसाठी ‘शो आयएसआयएस नेबर्स’, ज्युनिपरवर ‘शो आयएसआयएस अ‍ॅडजसन्सी’. ज्युनिपरच्या यादीत लेव्हलच्या रकान्यात ३ दिसला, तर गोंधळू नये. पॉइंट-टू-पॉइंट तारेवर दोन्ही लेव्हल जुळल्याची ती खूण आहे, आणि सर्वत्र लेव्हल २ ठेवायचे ठरले असेल, तर ते काम बाकी असल्याचीही. बदलाच्या आधीची आणि नंतरची यादी तारीख-वेळेसह जपून ठेवावी. राउटरचे घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवलेले असावे आणि लॉग १८० दिवस ठेवावेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांवर ते बंधनकारक आहे. खाडीच्या दोन्ही काठांवरचे लॉग एकाच घड्याळावर असले, की कोणता नेबर आधी पडला आणि कोणता त्याच्या पाठोपाठ, हे दहा मिनिटांत सांगता येते.